घाटातला हशा

बुलढाणा जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण सोयरीक जुळवायला बसलं की त्याचे दोन होतात. घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद खाली. मधे अजिंठ्याच्या डोंगराची धार. वरचे म्हणतात, खालच्यांची डोकी उन्हानं तापलेली. खालचे म्हणतात, वरच्यांकडे थंड हवेशिवाय आहे काय? हे कुणी मनाला लावून घेत नाही, कारण दोन्हीकडच्यांना तोंड आहे आणि दोन्हीकडचे ते वापरतात.

माझी आजी संग्रामपूरकडची, लग्न होऊन चिखली तालुक्यात आली. तिचं माहेर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या घरात ती मरेपर्यंत ‘खाऱ्या पाण्याची’ राहिली. भाजी खारट झाली तर माहेरची सवय, अळणी झाली तर ‘तिकडं मीठ टाकावंच लागत नाही!’ माझे आजोबा, आबा, म्हणायचे, पाहुणे हसायचे, आजी ताटं उचलायची. त्या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारानं किती घरं पोखरली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आजीचे दोन भाऊ त्यातच गेले. धाकट्याचं तेरावं करून ती परत आली त्या आठवड्यातही जेवताना तो विनोद झाला होता, असं आई सांगते.

आबा काही दुष्ट नव्हते. दरसाल पायी शेगावला जायचे, दारातून कुणाला उपाशी पाठवत नसत. बाईमाणूस कमी, अमकी जात भित्री, असं त्यांनी मत म्हणून कधी मांडलं नसतं. कुणी मांडलं असतं तर त्यालाच झापलं असतं. पण जे मत म्हणून तोंडातून निघालं नसतं, ते गोष्ट म्हणून ते रंगवून सांगत. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हा माल असाच पुढे गेला, हशाच्या पोत्यातून.

त्यांची हुकमी गोष्ट त्यांच्याच लग्नाची. नवरी घेऊन वऱ्हाड नांदुऱ्याहून मोताळ्यावरून निघालेलं, राजूर घाटात रात्र झाली. गाड्यांपुढे गावचा जागल्या चालतोय, महार समाजाचा. एका हातात टेंभा, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. झाडीत बिबट्या गुरगुरला. जागल्या घाबरून मागे सरला, बुधली कलंडली आणि टेंभ्याचा जाळ पायावर आला. इथं आबा उभे राहून एका पायावर नाचून दाखवायचे आणि म्हणायचे, “बिबट्या पाहाले गडी सोताच पेटला!” ओसरी दणाणून जायची. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, गावच्या त्या वस्तीनं मेलेली गुरं ओढायचं आणि सांगावे न्यायचं काम टाकलं, तेव्हापासून आबांनी गोष्टीला शेपूट जोडलं : “आता कोन धरते उजेड?” हशा तेवढाच, पण त्याला जरा कडवट वास आला होता. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची गुरं तेव्हा दारात पडून होती.

ही गोष्ट मी दुसऱ्या तोंडून ऐकली ती फार उशिरा. आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे बसलो होतो. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, त्यात गुरुजींच्या वस्तीलाही नवं नाव मिळालं. (पत्ता सांगणारे अजून आवाज खाली आणून जुनंच सांगतात, ते सोडा.) बोलता बोलता गुरुजी म्हणाले, “भाऊ, तुमच्याकडं ती घाटातली गोष्ट सांगतात ना? आमच्याकडंही सांगतात. पण आमच्याकडं ती आज्याच्या पायाची गोष्ट आहे.” तो जागल्या म्हणजे गुरुजींचे आजोबा. त्यांना त्या रात्री ताप होता. भाजलेल्या पायानिशी ते चिखलीपर्यंत चालले. जखम चिघळली, पाय आखडला तो आखडलाच. पुढं रोजगाराला कुणी धडपणे बोलवेना. बिबट्या मात्र गुरुजींच्या गोष्टीत नाहीच. टेंभ्याच्या चिंध्या सुटल्या होत्या, एवढंच.

आजी तेव्हा गाडीत होती, तेरा वर्षांची. तिला विचारलं. ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “वास आला व्हता मांसाचा. कोनी उतरलं नाही. मीबी नाही. नवी नवरी कशी उतरन?”

बिबट्या होता का, हे मी तिला विचारलं नाही.

या जिल्ह्यातल्या एका बाईनं अशा हशाला फार पूर्वी जाब विचारला होता. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, जन्म 1850 चा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. त्यांनी मुलीला लिहा-वाचायला शिकवलं. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवा मुलीवर पोटचं मूल मारल्याचा खटला झाला. आधी फाशी, मग अपिलात काळ्या पाण्यावर निभावलं. त्यानिमित्तानं ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. पुण्यात छापलं, प्रती 500, किंमत नऊ आणे. लिहिणारी स्वतः मराठा घराण्याच्या चाकोरीत, घराच्या चार भिंतींत वावरणारी.

मला त्यात जास्त भावते ती तिची भाषा. निबंधाची नाहीच ती. धुणं आपटताना बाई बोलेल तशी. बायकांचे दुर्गुण मोजणारा एक जुना संस्कृत श्लोक पुरुषमंडळी शहाणपण म्हणून आणि गंमत म्हणून फेकत असत. ताराबाईंनी तो श्लोक उचलला, एकेक दुर्गुण सुटा केला आणि विचारलं, हा तुमच्यात नाही? पलीकडच्यांचंच हत्यार, फक्त मूठ फिरवलेली. हे पुस्तक खुद्द फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींतल्या काहींनाही झोंबलं. 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या अंकात फुल्यांना आपल्याच मंडळींविरुद्ध ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं. 1975 मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तोवर 93 वर्षं उलटली होती. तेवढ्या काळात बायकांवरचे विनोद मात्र एकदाही छपाईबाहेर गेले नाहीत.

माझा पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. पहिल्या वर्षी ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की टेबलाभोवतीचे हसायचे. जेवणाच्या सुट्टीत फर्माईश, “ते तुमचं वऱ्हाडी बोलून दाखव ना!” सहा महिन्यांत त्यानं जीभ घासून पुणेरी केली. आता फोनवर आईशीही तसाच बोलतो. त्याला याबद्दल छेडलं तर म्हणतो, “काका, मजाक असतो तो.” आणि घरच्या व्हॉट्सअॅप गटावर बायकोवरचे सगळ्यात जास्त विनोद तोच टाकतो. खाली काकूंचे हसरे चेहरे. कशाला हसतेस, असं काकूला विचारलं तर म्हणाली, “नाही हसलं तं म्हनतात, रागावली.”

गेल्या दिवाळीला पुतणी ‘स्त्रीपुरुष तुलना’ घेऊन आली. फराळाच्या वेळी पुतण्यानं नेहमीप्रमाणे एक बायको-विनोद सांगितला, आबांचा वारसा सांभाळणारे थोरले काका खळखळून हसले. पुतणी म्हणाली, “थांबा, मी पण वाचते गमतीचं.” श्लोकातल्या दुर्गुणांत संशयीपणा पहिला. ताराबाई पुरुषांना झोडतात ते ऐकून काका मांडीवर थाप मारून हसले, “बरी खमकी व्हती बाई!” मग उद्धटपणा. काका हसले. मग साहस, म्हणजे गुन्हे : तुरुंग कुणी भरलेत, खोट्या नोटा कोण पाडतं, लाच कोण खातं. काकांचं नोकरीचं सगळं आयुष्य एका सरकारी कचेरीत गेलेलं. त्यांनी चिवडा पुढं सरकवला. कपटाची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “चहाचं काय झालं पाहा बरं आत,” आणि पुतण्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

स्वयंपाकघरातून काकू ओरडली, “चहा होते आपला सावकाश. तू वाच व पोरी, मोठ्यानं वाच.”