दोन मापांची गाडी

पोर्शे ९११ चा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. कोल्हापुरात टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवण्यात माझी हयात गेली, म्हणून मला तो इतिहास चाकांपासून वाचायची सवय लागली. या गाडीपुरती तरी तीच वाट खरी, असं माझं ठाम मत आहे. इंजिनाच्या जागेने जो पेच निर्माण केला, तो सोडवायला चाकांनाच यावं लागलं.

सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि तिची ९११ झाली. दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं १३० अश्वशक्तीचं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे बसवलेलं. चाकं पंधरा इंची, रिमची रुंदी साडेचार इंच, टायर १६५ मिलिमीटरचे. चारही चाकं एकाच मापाची, आणि वजन मात्र पुढे साधारण ४१ टक्के, मागे ५९.

टायरची पकड वजनाबरोबर वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. एका टायरवर तीनशे किलोंऐवजी चारशे किलो आले, तर एकूण पकड वाढते, दर किलोमागची मात्र थोडी घटते. म्हणजे जड बाजूचा टायर आधीच तोट्यात असतो. त्यात वेगाने वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि एक्सलच्या मागे असलेलं इंजिनाचं वजन गाडीला बाहेर ओढतं. गाडी शेपूट मारते. सुरुवातीच्या ९११ ची ही खोड चालवणाऱ्यांना चांगलीच ठाऊक होती.

स्टुटगार्टच्या इंजिनियरांनी आधी वजनाशीच झटापट केली. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना आतून सुमारे अकरा-अकरा किलोचे बिडाचे ठोकळे बसवले. १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवून व्हीलबेस २२११ वरून २२६८ केला. एका बॅटरीच्या जागी दोन बॅटऱ्या पुढच्या कोपऱ्यांत ठेवल्या. व्हीलबेसच्या बदलाने फरक पडला, मोठा पडला. तरी जड मागची बाजू जडच राहिली.

या काळात रिम हळूहळू रुंदावत होती. ९११ एस बरोबर १९६६ मध्ये फुक्स कंपनीची घडवलेल्या ॲल्युमिनियमची पाच पाकळ्यांची रिम आली, तीही आधी साडेचार इंचीच. पुढे साडेपाच झाली, मग १९६९ च्या मॉडेलला सहा, आणि तिच्यावर १८५/७० चा टायर. रिमची रुंदी टायरइतकीच महत्त्वाची. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर त्याच्या बाजू फुगतात, वळणावर साईडवॉल लोळते आणि वाढीव रबराचा फायदा तिथेच संपतो. पण एवढं होऊनही चारी चाकं सारखीच होती.

ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात कारेरा आरएस २.७ आली. लोक तिला मागच्या झाकणावरच्या बदकाच्या शेपटीसारख्या पंखामुळे ओळखतात. तो पंख वेगात मागचा एक्सल उचलला जाऊ नये म्हणून होता, आणि त्याचं कौतुक रास्तच आहे. पण मला त्या गाडीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्या पंखाखाली दिसते. पुढे सहा इंची रिमवर १८५/७० व्हीआर १५, मागे सात इंची रिमवर २१५/६० व्हीआर १५. पोर्शेने रस्त्यावर विकायच्या गाडीला पुढे-मागे वेगळी मापं पहिल्यांदा दिली ती इथे. ती चाकं सामावण्यासाठी मागचे मडगार्ड दोन्ही बाजू मिळून ४२ मिलिमीटरनी फुगवले. शर्यतीची मान्यता मिळवायला ५०० गाड्या पुरल्या असत्या. बनल्या दीड हजाराहून जास्त.

आता ही मापं मांडून बघा. १८५ चे ७० टक्के म्हणजे साईडवॉलची उंची १२९.५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची मिळून २५९, त्यात पंधरा इंचांचे ३८१ मिळवले की चाकाचा व्यास ६४० मिलिमीटर. मागचं चाक: २१५ चे ६० टक्के १२९, दोन्ही बाजूंचे २५८, अधिक ३८१, म्हणजे ६३९. तीस मिलिमीटर जास्त रुंद टायर, आणि उंचीत फरक एका मिलिमीटरचा! गाडीचा तोल ढळला नाही, गिअरचं गणित बिघडलं नाही, स्पीडोमीटर खोटा पडला नाही. आजही कुणी पोरगा दुकानात येऊन ‘काका, मागे रुंद टायर टाकायचेत’ म्हणाला, तर मी कागद घेऊन त्याला आधी हाच हिशेब करायला लावतो.

आणि पुढचा टायर? तो मुद्दाम अरुंद ठेवला होता. पुढेही २१५ टाकले असते, तर पुढची पकडही वाढली असती, आणि मागची बाजू पुन्हा तुलनेने दुबळी ठरली असती. पकड वाढवणं आणि पकड योग्य जागी वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ९११ ला दुसरी हवी होती.

रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकलेलं जास्त रबर, हा समज फार पक्का आहे. हवेचा दाब आणि भार तोच असेल, तर जमिनीवरचा ठसा क्षेत्रफळाने साधारण तेवढाच राहतो. बदलतो तो आकार: अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. आडव्या ठशाला वळणावर तेवढीच पकड देण्यासाठी कमी मुरडावं लागतं, आणि घासण्यातून होणारी उष्णता जास्त रबरात वाटली जाते. ओल्या रस्त्यावर मात्र हाच आडवा ठसा पाण्यावर लवकर तरंगतो. आमच्या आंबोली किंवा फोंडा घाटातून पावसाळ्यात गाडी हाकणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

आरएस आली त्याच वर्षांत मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फिएट, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, ५.२०-१४ च्या क्रॉसप्लाय टायरवर धावत होती. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर. अकराशे सीसीच्या त्या गुणी गाडीला तेवढं पुरत होतं. टायर गाडीच्या गरजेनुसार असतो, हे सांगायला मला ती गाडी आरएसइतकीच उपयोगी वाटते.

१९७४ च्या सुमारास पिरेलीने लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी ७ हा टायर घडवला. पोलादी पट्ट्यांवरून नायलॉनचा थर टायरच्या परिघाला सरळ गुंडाळायचा, ही त्याची युक्ती. त्यामुळे वेगात टायर फुगत नसे आणि साईडवॉल फार आखूड ठेवता येई. पोर्शेच्या ९११ टर्बोला तो २०५/५० आणि २२५/५० या पंधरा इंची मापांत मिळू लागला. पकड वाढली, पण वरचा हिशेब मोडला: मागचं चाक ६३९ वरून ६०६ वर आलं, पुढचं ५८६ वर. गाडी खाली बसली, आणि प्रत्येक गिअर थोडा आखूड झाला. १९७८ च्या ३.३ लिटर टर्बोवर सोळा इंची रिम दिसते, तेव्हा हिशेब परत जुळलेला असतो. २०५/५५ ची उंची ६३२, २२५/५० ची ६३१. रिमचा व्यास वाढवायचा, साईडवॉल कमी करायची, चाकाची एकूण उंची जवळपास राखायची. आज प्रत्येक अलॉयच्या दुकानात जे केलं जातं, त्याचं इतकं नेटकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मोठ्या रिमच्या पोटात मोठे ब्रेकही मावले, आणि त्या टर्बोला ते हवेच होते.

लँबोर्गिनी काउंताचची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. १९७४ च्या एलपी ४०० ला मागे २१५ चे टायर होते. वॉल्टर वोल्फ या धनिकाच्या हौसेतून आणि जामपाओलो दालाराच्या कामातून १९७८ मध्ये एलपी ४०० एस आली, तिच्या मागे ३४५/३५ चे पी ७. इंजिनाची ताकद वाढली नव्हती. गाडी वळणाला घट्ट चिकटू लागली, पण रुंद रबर आणि फुगवलेल्या मडगार्डांना हवा कापावी लागली, आणि सरळ रस्त्यावरचा वेग उतरला. रुंदीची किंमत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

आजच्या ९९२ कारेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २०, मागे ३०५/३० झेडआर २१ आहेत. व्यास काढले तर पुढे सुमारे ६८०, मागे ७१६. म्हणजे आता मागचं चाक रुंदीबरोबर उंचही झालं आहे. उंच चाकाचा ठसा थोडा लांब होतो, आणि वेग घेताना मागे आलेल्या भाराचा उपयोग करून घेतो. स्पीडोमीटर, एबीएस आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा हा फरक पहिल्यापासून गृहीत धरून बसवलेल्या असतात. म्हणूनच अशा गाडीला मनाने निवडलेलं माप लावू नये.

१९७३ च्या आरएस ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी पिरेली सीएन ३६ हा टायर पुन्हा बनवते, १८५/७० आणि २१५/६० याच मापांत. नक्षी जुनी, आतलं रबर आजचं.