अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला आणि लाखो सर्व्हर वाचले: 'एक्सझेड' प्रकरण नेमकं काय होतं?

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेचा दिवस. जगातले बरेच आयटीवाले सुट्टीच्या मूडमध्ये होते. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरने जाहीर केलं, की 'एक्सझेड युटिल्स' या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. म्हणजे ज्याच्याकडे ठरावीक किल्ली आहे, तो पासवर्ड न टाकता तुमच्या सर्व्हरवर हवा तो हुकूम सोडू शकतो.

काही तासांत सुट्ट्या रद्द झाल्या. रेड हॅट, डेबियन, सुसे अशा लिनक्स बनवणाऱ्या मंडळींनी तातडीच्या सूचना काढल्या. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी किती गंभीर आहेत हे मोजायची १० गुणांची एक पट्टी असते. या प्रकाराला १० पैकी १० मिळाले.

पण ही गोष्ट हॅकिंगपेक्षा जास्त एका माणसाची आहे. ज्या सॉफ्टवेअरमुळे एवढी धावपळ झाली, ते कुठल्याही मोठ्या कंपनीचं नव्हतं. फिनलंडमधला लासे कोलिन नावाचा एक माणूस ते फावल्या वेळात, छंद म्हणून सांभाळत होता. पगार शून्य.

एक्सझेड म्हणजे काय?

झिप फाइल तुम्हाला माहीत असेल. मोठी फाइल दाबून लहान करायची, पाठवायची आणि पलीकडे पुन्हा उघडायची. एक्सझेड हे त्याच जातीचं सॉफ्टवेअर, फक्त जास्त घट्ट दाबणारं. लिनक्सच्या दुनियेत ते सगळीकडे आहे. नवीन सॉफ्टवेअर उतरवताना, अपडेट करताना, सिस्टिम सुरू होताना कुठे ना कुठे त्याचा हात लागतो. जगातल्या वेबसाइट आणि ॲप ज्या सर्व्हरवरून चालतात, त्यातले बहुतेक लिनक्सवरच आहेत. त्यामुळे नाव कधी ऐकलं नसलं तरी तुमचं रोजचं काम एक्सझेडवरून जात असण्याची शक्यता मोठी आहे.

नळाला पाणी येतंय तोवर व्हॉल्व्ह कोण फिरवतो याची चौकशी कुणी करत नाही. इथेही तसंच होतं.

फुकट आणि मुक्त यातला फरक

एवढी महत्त्वाची गोष्ट एकट्या छंदी माणसाच्या हातात राहते कशी? त्यासाठी 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे काय ते बघावं लागेल. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने बराच घोळ घातलाय. आपल्याकडे त्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांना मुक्त म्हणायचं होतं. सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, त्याचा कोड उघडून वाचावा, हवा तसा बदलावा आणि पुढे वाटावा. पैसे घ्यायला मनाई नव्हती. पण कोड उघडा असला आणि वाटायची मोकळीक असली, की बहुतेक वेळा ते फुकटच मिळतं.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. हा आपला नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंही त्याने तेव्हा लिहिलं होतं. तेच पुढे लिनक्स झालं. आज त्यावर हजारो पगारी इंजिनिअर काम करतात. म्हणजे छंदाचं सोनं होतं कधीकधी.

पण प्रत्येक प्रकल्पाच्या नशिबी हे नसतं. लिनक्सच्या भोवती लहानमोठी हजारो सॉफ्टवेअर आहेत. ती कुणीतरी कॉलेजात असताना किंवा नोकरी सांभाळून लिहिलेली असतात. कंपन्या ती उचलतात, वापरतात. परवान्याप्रमाणे त्यात गैर काही नाही. लिहिणाऱ्याला मात्र पैसे देण्याचं बंधन कुणावर नसतं. तक्रारी तेवढ्या नेमाने त्याच्याकडे येतात.

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आठवा. मानधन नाही, कुणी आभार मानत नाही आणि लिफ्ट बंद पडली की सगळ्यांचे फोन त्यालाच. कोलिनची परिस्थिती काही वेगळी नव्हती.

मदतीला आलेला 'भला माणूस'

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जिया टॅन नावाच्या एकाने एक्सझेडसाठी लहानसा बदल करून पाठवला. साधा, निरुपद्रवी. मग दुसरा, तिसरा. काम नीटनेटकं, बोलणं नम्र.

२०२२ च्या एप्रिलपासून आणखी काही नावं उगवली. त्यातलं एक होतं जिगर कुमार. दुसरं डेनिस एन्स. ही मंडळी काम काहीच करत नव्हती, फक्त कोलिनच्या मागे लागली होती. सुधारणा इतक्या उशिरा का येतात? तुमचा रस संपला असेल तर दुसऱ्याकडे सोपवा. असा सगळा सूर. (जिगर कुमार हे नाव वाचून आपल्याकडचा कुणी असेल असं वाटतं. पण त्या नावामागे खरा माणूस आहे असा पुरावाच मिळालेला नाही. ही सगळी बनावट खाती असावीत, असं हे प्रकरण तपासणारे बहुतेक तज्ज्ञ मानतात.)

जून २०२२ मध्ये कोलिनने जे उत्तर दिलं, ते नंतर जगभर वाचलं गेलं. रस संपलेला नाही, पण मानसिक आरोग्याच्या जुन्या अडचणींमुळे आणि इतर काही कारणांमुळे आपल्याला पुरेसा वेळ देता येत नाही, असं त्याने सांगितलं. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात घ्यावं, असंही म्हटलं. आणि जिया टॅनसोबत काम चालू आहे, कदाचित पुढे त्याची भूमिका मोठी होईल, हेही त्याच उत्तरात सांगून टाकलं.

या उत्तरात चुकीचं काय आहे? मला विचाराल तर काहीच नाही. थकलेला माणूस खरं बोलत होता. टपून बसलेल्याला मात्र नेमकं हेच ऐकायचं होतं.

आपल्या सेक्रेटरीच्या उदाहरणात सांगायचं तर, चार भाडेकरू रोज भांडायला लागले आणि पाचवा म्हणाला, "काका, दमलात तुम्ही, किल्ल्या माझ्याकडे द्या, मी बघतो." २०२३ पर्यंत जिया टॅनला कोडमध्ये थेट बदल करायचा आणि नव्या आवृत्त्या काढायचा अधिकार मिळालेला होता.

चोरदरवाजा लपवला कुठे?

उघड्या कोडमध्ये चोरी लपवणं सोपं नसतं, कारण कुणीही येऊन वाचू शकतं. जिया टॅनने त्यावर काढलेली युक्ती डोकेबाज होती, हे मान्य करावं लागेल.

फाइल दाबणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला नमुन्याच्या फाइल लागतात. त्यातल्या काही मुद्दाम बिघडवलेल्या असतात, म्हणजे बिघडलेली फाइल आली तर सॉफ्टवेअर काय करतं ते कळावं. अशा फाइल उघडून बघितल्या तर आत निव्वळ कचरा दिसतो, म्हणून कुणी बघत नाही. चोरदरवाजाचा कोड याच कचऱ्यात ठेवला होता.

पण तो कचरा जिवंत करायला एक छोटी सूचना लागणार होती. ती सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ठेवलीच नाही. नवी आवृत्ती काढताना जो तयार गठ्ठा दिला जातो, फक्त त्यात घातली. एकाने कोड वाचला असता तर सगळं स्वच्छ दिसलं असतं. दुसऱ्याने गठ्ठा उतरवून सॉफ्टवेअर तयार केलं, तर चोरदरवाजा आपोआप आत. कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी तपासलाच असणार, असं आपण धरून चालतो. इथे तपासायच्या कोडमध्ये ती सूचनाच नव्हती.

आता एक शंका येईल. फाइल दाबण्याच्या सॉफ्टवेअरचा लॉगिनशी काय संबंध? लांबचा आहे, पण आहे. दूरच्या सर्व्हरवर शिरायला एसएसएच नावाची सोय वापरतात. डेबियन आणि फेडोरासारख्या काही लिनक्समध्ये एसएसएचला 'सिस्टिमडी' या दुसऱ्या भागाशी जोडलेलं होतं आणि सिस्टिमडी एक्सझेडवर अवलंबून होतं. म्हणजे पाहुण्याच्या पाहुण्याने घरात शिरायचं आणि थेट मुख्य दाराच्या कुलपाला हात घालायचा.

चोरदरवाजा असलेली ५.६.० ही आवृत्ती २४ फेब्रुवारी २०२४ ला बाहेर आली आणि ५.६.१ त्यानंतर पंधरवड्याच्या आत, ९ मार्चला. लगेच काही अनोळखी खात्यांनी ही नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून लिनक्सवाल्यांना आग्रह सुरू केला. फेडोराच्या एका इंजिनिअरशी तर जिया टॅन कित्येक आठवडे संपर्कात होता, अडचणी सोडवायला मदतही करत होता.

आणि मग तो अर्धा सेकंद

फ्रॉइंड सुरक्षा तज्ज्ञ नव्हता. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता आणि पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करत होता. आपला डेटाबेस किती वेगाने चालतो हे त्याला बारकाईने मोजायचं होतं. अशा मोजणीत मशीनवर दुसरी गडबड नको असते. पण त्याला दिसलं, की एसएसएच उगाच प्रोसेसर खातंय. इंटरनेटवरच्या कुठल्याही मशीनवर बॉट सतत खोटी नावं टाकून शिरायला बघत असतात, ते नेहमीचंच. पण असं नाव नाकारायला एवढी मेहनत कशाला पडावी?

त्याने वेळ मोजला. आधी साधारण ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८ लागत होते. अर्धा सेकंद जास्त. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत विचित्र इशारे आले होते तेही त्याला आठवलं. तुम्हीआम्ही 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. हा खणत गेला आणि एक्सझेडपर्यंत पोचला.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. हे प्रकरण बाहेर आल्यावर 'बघा, मुक्त सॉफ्टवेअर असुरक्षित असतं' असं म्हणणारे बरेच निघाले. मला हे अर्धवट वाटतं. फ्रॉइंडला कोड, त्याचा इतिहास, कुणी काय बदललं, सगळं उघडं मिळालं म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्याने फार तर कंपनीकडे तक्रार टाकली असती. मात्र 'उघडं आहे म्हणून पकडलं गेलं' हेही पूर्ण खरं नाही. पकडलं गेलं कारण एका माणसाला अर्धा सेकंद खटकला. तो खटकलाच नसता तर काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आपल्याला धोका झाला का?

सर्वसामान्य वापरणाऱ्याला नाही. ही आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्त्या, ओपनसुसे टम्बलवीड आणि काली लिनक्स अशा कायम पुढे धावणाऱ्या ठिकाणीच पोचली होती. कंपन्या सर्व्हरवर वापरतात त्या स्थिर आवृत्त्या बचावल्या. उबुंटू २४.०४ ची बीटा आवृत्ती खबरदारी म्हणून आठवडाभर पुढे ढकलली गेली, कारण सगळी पॅकेज नव्याने तयार करावी लागली. आणखी काही महिने गेले असते तर चोरदरवाजा स्थिर आवृत्त्यांमध्येही उतरला असता, आणि तिथून जगभरच्या सर्व्हरवर.

जिया टॅन कोण होता, हे आजही जगाला माहीत नाही. एक माणूस की एखाद्या देशाची टोळी, अंदाज भरपूर आहेत. वेळेच्या नोंदींवरून कुणी आशिया म्हणतं, कुणी पूर्व युरोप. पण संगणकाचं घड्याळ कुणीही बदलू शकतं.

पैशाचं काय?

हा प्रश्न नवा नाही. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही त्रुटी सापडली, तेव्हाही असाच धक्का बसला होता. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल जेमतेम एक पूर्णवेळ माणूस आणि वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या यांवर चाललंय, हे तेव्हा कळलं. मग मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. ओपनएसएसएलची सोय झाली, पण एक्सझेडसारखी शेकडो नावं त्या यादीत नव्हतीच. जो पडतो त्याच्याकडे लक्ष जातं, उभा आहे तोवर कुणी बघत नाही.

एक्सझेडनंतर पुन्हा हालचाल झाली. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधा या शेअर ब्रोकिंग कंपनीने मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. अर्थात पैशाने सगळं सुटत नाही. कोलिनला पगार असता तरी दमणूक आलीच असती. बरोबरीला आणखी दोन विश्वासाची माणसं असती, तर कदाचित जिया टॅनला इतकी मोकळी जागा मिळाली नसती. आणि ही युक्ती एकदाच वापरून झालीय असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये जावास्क्रिप्ट प्रकल्प सांभाळणाऱ्या ओपनजेएस फाउंडेशनने सांगितलं, की अनोळखी लोक आपल्याकडेही असाच तगादा लावून प्रकल्पाचे अधिकार मागत होते. त्यांनी ते दिले नाहीत.

कोलिन प्रकरण फुटलं तेव्हा सुट्टीवर होता. परत येऊन त्याने जिया टॅनने केलेला प्रत्येक बदल एकेक करून तपासला. २९ मे २०२४ ला ५.६.२ ही आवृत्ती आली. नवीन काय आहे, याच्या यादीत पहिलीच नोंद होती: चोरदरवाजा काढून टाकला.