टायमर-विलंब, संगणकातील
टायमर-विलंब, संगणकातील : परिचालन प्रणालीच्या गाभ्याने (कर्नेलने) एखादे काम सुरू करण्यासाठी ठरविलेला क्षण व ते प्रत्यक्षात सुरू होण्याचा क्षण यांमधील अंतरास टायमर-विलंब म्हणतात. यंत्रमानव, ध्वनिसंस्करण इ. क्षेत्रांत सरासरी विलंब अल्प असून भागत नाही. एकदाच झालेला दीर्घ विलंबही काम बिघडवू शकतो. म्हणून मापनात कमाल मूल्याला महत्त्व असते.

लिनक्स प्रणालीच्या इतिहासात या प्रश्नाचा विकास स्पष्ट दिसतो. प्रारंभी वैयक्तिक संगणकांवर तिचा गाभा सेकंदास १०० ठोके मोजी; त्यामुळे १० मिलिसेकंदांहून सूक्ष्म कालनियोजन शक्य नव्हते. २००३ मध्ये ठोके १,००० करण्यात आले. परंतु त्यामुळे प्रक्रियकाचा वेळ व वीज अधिक खर्च होऊ लागल्याने २००५ मध्ये २५० हे प्रमाण स्वीकारले गेले. असंख्य टायमर सांभाळण्याची कालचक्र-पद्धती मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर जॉर्ज व्हर्गीस व टोनी लॉक यांनी १९८७ मध्ये विशद केली होती. टोमास ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांच्या उच्च विभेदनक्षम टायमरांचा २००६ मध्ये समावेश झाला व पुढील वर्षी ठोक्यांचे बंधन सुटले.

घड्याळ सूक्ष्म झाले, तरी विलंब संपला नाही. ‘सायक्लिकटेस्ट’ हा कार्यक्रम ठराविक काळ निद्रिस्त राहून जागे होण्यास किती उशीर झाला ते मोजतो. त्यावरून विलंब कळतो, कारण मात्र कळत नाही. कारण शोधण्यासाठी २००८ मध्ये ‘एफट्रेस’ हे साधन गाभ्यातच समाविष्ट झाले. व्यत्यय-संकेत किती काळ रोखले गेले व त्या वेळी कोणते फलन चालू होते, याची नोंद त्यातून मिळते. काही वेळा दोष गाभ्याबाहेर असतो : यंत्रातील अंगभूत आज्ञावली प्रणालीच्या नकळत प्रक्रियकाचा ताबा घेते. अशा वेळी व्यत्यय बंद ठेवून घड्याळ सतत वाचतात. दोन वाचनांत अनपेक्षित खंड पडल्यास दोष यंत्राचा ठरतो. ही रीत गाभ्यात २०१६ मध्ये आली. २०२१ मध्ये आलेले ‘टायमरलॅट’ हे साधन व्यत्यय-संकेत पोहोचण्यातील व काम जागे होण्यातील उशीर वेगवेगळा दाखविते.

गाभ्याचे बहुतेक काम मध्येच थांबविता येईल अशी ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही रचना दीर्घ काळ स्वतंत्रपणे विकसित होत होती. २०२४ मध्ये ती मुख्य गाभ्यात दाखल झाली. तथापि यंत्रजन्य विलंब तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्यामुळे प्रत्येक यंत्रावर प्रत्यक्ष मापन करणे आवश्यकच असते.