सूक्ष्म खनिजे : कमी पडली तर आणि जास्त झाली तर

कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम ही खनिजे आपल्याला रोज बऱ्यापैकी प्रमाणात लागतात. आयोडीन, लोह, जस्त, तांबे, सेलेनियम, मँगनीज, मॉलिब्डेनम मात्र अगदी थोडी लागतात. म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्राम आयोडीन पुरते. सत्तर वर्षांत लागणारे सगळे आयोडीन चहाच्या एका चमच्यात मावेल, इतके ते कमी आहे. तरीही ते मिळाले नाही तर थायरॉईडचे काम बिघडते.

ही खनिजे शरीरातील संप्रेरके आणि विकरे यांचा भाग असतात. शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे ती अन्नपाण्यातूनच मिळावी लागतात. मात्र गरज थोडी असल्यामुळे त्यांचा अतिरेकही लवकर होतो. म्हणून 'टॉनिक आहे, घेतले तर फायदाच होईल' हा विचार इथे चालत नाही.

आयोडीन : मीठ बदलण्यापूर्वी विचार करा

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. या काळात आयोडीनची तीव्र कमतरता झाली, तर बाळाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे गरोदर आणि स्तनदा मातांची गरज दिवसाला २५० मायक्रोग्रामपर्यंत वाढते.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. तिथे गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

घरी एवढे पाळा :

• मिठाच्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिले आहे का, ते पाहा. उपवासाचे सैंधव मीठ बहुधा आयोडीनयुक्त नसते. उपवासापुरते ते चालेल. रोजच्या स्वयंपाकात फक्त तेच वापरू नका.
• मीठ झाकणाच्या बरणीत, ओल आणि शेगडीची धग यांपासून दूर ठेवा.
• रक्तदाब असेल तर मीठ कमीच खा, पण जे खाल ते आयोडीनयुक्त असू द्या.
• थायरॉईडचा त्रास आहे म्हणून आयोडीनयुक्त मीठ आपणहून बंद करू नका. बहुतेक रुग्णांना त्याची गरज नसते. काही विशिष्ट तपासण्या किंवा उपचारांपूर्वी डॉक्टर तसे सांगतात, तेव्हा मात्र त्यांचे ऐका.

जस्त : जुलाब झालेल्या मुलांसाठी महत्त्वाचे

१९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे डॉ. आनंद प्रसाद यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. त्याची वाढ जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढी होती. त्याचे जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली रोटी. जस्ताच्या कमतरतेने माणसाची वाढ खुंटते, हे अशा रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले.

धान्ये आणि कडधान्ये यांत फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्त आणि लोह यांना बांधून ठेवतो, त्यामुळे ती आतड्यात नीट शोषली जात नाहीत. आपला आहार धान्यावर आधारलेला असल्याने आयसीएमआरने २०२० मध्ये पुरुषांसाठी दिवसाला १७ मिलिग्राम आणि स्त्रियांसाठी सुमारे १३ मिलिग्राम जस्ताची शिफारस केली आहे. कडधान्ये भिजवून मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने फायटेट कमी होते. मोडाची मटकी, इडली, आंबोळी हे पदार्थ म्हणूनच उपयोगी आहेत. तीळ, शेंगदाणे, अंडी, मांस यांतूनही जस्त मिळते.

मुलाला जुलाब झाले तर जलसंजीवनीबरोबर जस्ताची गोळी देतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्राम आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्राम, असे १४ दिवस देतात. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करा. जस्त हा जलसंजीवनीला पर्याय नाही. दोन्ही द्यायचे असतात आणि अंगावरचे दूधही चालू ठेवायचे असते.

जास्त झाले तर काय होते?

जस्ताच्या जास्त मात्रेच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या, तर आतड्यात तांब्याचे शोषण कमी होते. त्यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, हातापायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. मज्जातंतूंचे हे नुकसान पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून प्रौढांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय दिवसाला ४० मिलिग्रामपेक्षा जास्त जस्त घेऊ नये.

सेलेनियम जास्त झाले तर केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावकऱ्यांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात आणि तिथल्या गव्हात सेलेनियम जास्त आढळल्याचे त्यांनी सांगितले. केस गळतात म्हणून सेलेनियम असलेल्या गोळ्या आपणहून सुरू करणे किती चुकीचे ठरू शकते, हे यावरून लक्षात येईल.

गोळ्या घेत असाल तर

• दोन वेगवेगळ्या गोळ्यांत तेच खनिज नाही ना, हे वेष्टनावर वाचा.
• थायरॉक्सिनची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवा.
• लोह किंवा जस्त घेताना काही प्रतिजैविकांचा परिणाम कमी होतो. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा.
• लोहाच्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. लहान मुलाने त्या बऱ्याच गिळल्या तर जिवाला धोका असतो. लगेच रुग्णालयात न्या.
• केसांच्या तपासणीवरून 'सर्व खनिजांचा अहवाल' देणाऱ्या चाचण्यांवर औषध ठरवू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?

गळ्यावर सूज, मुलाची उंची न वाढणे, तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती न जाणारे पुरळ, न भरणाऱ्या जखमा, कारण न कळणारा रक्तक्षय किंवा पायांत मुंग्या यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्या. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, आतड्याचा जुना आजार असलेल्यांनी आणि डायलिसिसवरील रुग्णांनी नियमित तपासणी चुकवू नये. त्यांच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

जुलाब झालेले मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका. त्वरित रुग्णालय गाठा.