व्हेलिगोच्या पायऱ्या

स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला केथनेस नावाचा परगणा आहे. अठ्ठावन्नाव्या अक्षांशाच्याही उत्तरेला असल्यामुळे जून महिन्यात तेथील दिवस मावळता मावळत नाही. रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य क्षितिजाला टेकतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा हजर होतो. साहजिकच घड्याळाकडे न पाहता समुद्राच्या काठाकाठाने हिंडावे आणि मनात येईल तेथे शिदोरी सोडावी, असा हा मुलूख. परंतु ‘काठ’ हा शब्द येथे जपूनच वापरला पाहिजे. कारण कुरणाची हिरवळ जेथे संपते तेथे जमीनच संपते आणि खाली खोल, काळसर फरशीच्या थरांवर पाणी आदळत असते. या थरांत समुद्राने उभ्या कापून काढलेल्या अरुंद घळींना तेथील लोक ‘गो’ म्हणतात. शब्द नॉर्स दर्यावर्दींचा. ते गेले, शब्द राहिला.

विक या बंदराच्या दक्षिणेस सुमारे सात मैलांवर व्हेलिगो आहे. कधीकाळी एक मेलेला देवमासा या घळीत वाहत आला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. कड्याच्या अंगावर फरशीच्या पायऱ्या नागमोडी उतरत गेल्या आहेत. त्या ३६५ असल्याची परंपरागत समजूत. मी मोजू लागलो आणि दोनदा चुकलो, पण काळजीपूर्वक मोजणाऱ्यांची बेरीज हल्ली ३३०च्या आसपास भरते. पुढे रस्ते, पूल आणि कालवे बांधून कीर्तीस चढलेला टॉमस टेलफर्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस मासळीच्या धंद्याला योग्य जागा हुडकीत इकडे आला, तेव्हा ही जागा भयंकर असल्याचा शेरा मारून गेला. तरीही कॅप्टन डेव्हिड ब्रोडी यांनी येथे पायऱ्या बसवून घेतल्या. खर्च आठ पौंड.

तळाशी हिरवळीची एक चिंचोळी ओटी आहे. तिला ‘बिंक’ म्हणतात. होड्या ओढून घेण्याचा गंजलेला रहाट तेथे अजून दिसतो. मासा हेरिंगचा, म्हणजे आपल्या कोकणच्या तारली-पेडव्याच्याच गोतातला. पुरुषांनी तो आणावा, बायकांनी साफ करावा आणि ओल्या मासळीने भरलेली टोपली पाठीवर घेऊन या पायऱ्या चढाव्यात. वर आल्यावर विकचा बाजार गाठायला आणखी सात मैल पायपीट. ब्रोडींचे आठ पौंड इतिहासात नमूद आहेत. या ओझ्याची जमाबंदी मात्र कोणी केली नाही.

एवढ्या अडचणीच्या जागी माणसे आली तरी का? सगळीच काही धाडसाने आली नाहीत. आतल्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करून राहिलेली कुळे, मेंढ्यांपासून अधिक उत्पन्न येते असे जमीनदारांच्या ध्यानात येताच, बेदखल झाली. शेजारच्या सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ व १८१९ साली हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. समुद्राशी ज्यांचा परिचय नव्हता त्यांना किनाऱ्याचे खडकाळ तुकडे देऊन मासेमारी शिका म्हणून सांगण्यात आले. केथनेसच्या दक्षिण हद्दीजवळ कड्याच्या माथ्यावर बॅडबी नावाचे असेच एक विस्थापितांचे गाव होते. तेथे वारा असा की आया कामात असताना गुरांबरोबर लेकरांनाही दाव्याने बांधून ठेवीत, अशी आठवण सांगतात. शेवटचा रहिवासी १९११ साली गेला. आता भिंतींचे दगड आणि एक स्मारक तेवढे उरले आहे.

धंदा मात्र फोफावला. खारवलेल्या हेरिंगची पिंपे आधी वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर, गुलामांच्या जेवणासाठी जात. पुढे बाल्टिक समुद्राकाठची बंदरे हे मोठे गिऱ्हाईक झाले. १८६२च्या हंगामात एकट्या विकमधून ११२२ होड्या समुद्रावर जात होत्या. पण त्याआधी, १८४८च्या ऑगस्टमध्ये, तुफानाची एक रात्र येऊन गेली होती. होड्या बिनछपरी, आणि ओहोटीला बंदराच्या तोंडाशी पाणी अपुरे. किनाऱ्यावर जमलेल्या बायकामाणसांच्या डोळ्यांदेखत होड्या आत शिरता न आल्याने उलटल्या. विकचे ३७ आणि स्कॉटलंडच्या सबंध पूर्व किनाऱ्यावरचे मिळून १०० जण बुडाले. चौकशीसाठी नेमलेल्या कॅप्टन वॉशिंग्टन यांनी होड्यांवर तक्तपोशी घालावी व बंदरे खोल करावीत, अशी शिफारस पुढच्याच वर्षी केली. कोळ्यांना ती सहजी पटली नाही: उघडी होडी स्वस्त, हलकी, आणि तिच्यात जाळी व मासळी जास्त मावते. त्यांचा हिशेब चुकीचा होता असे म्हणायला, ज्याला आपल्या मालकीची होडी कधी विकत घ्यावी लागली नाही अशाच माणसाची जीभ धजेल.

बिंकवर मी बराच वेळ बसलो होतो. समोरच्या कड्याच्या कपारीकपारीतून समुद्रपक्ष्यांची घरटी, आणि त्यांचा कलकलाट घळीत घुमून दुप्पट होत होता. वर निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते, तरी पायरीन्‌पायरी स्पष्ट दिसत होती. मधोमध झिजलेली, कडेला कोरी. हातात काही नसताना मला तीनदा बसावे लागले. वर मोटार उभी होती.