दमा आणि त्यावरील दोन औषधें

दम्याचा विकार भारतीय वैद्यकास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरकसंहितेंत 'तमकश्वास' या नांवानें त्याचें वर्णन आलें असून, आडवें होतांच रोग्याचा त्रास वाढतो व उठून बसल्यानें त्यास कांहींसें बरें वाटतें, हें निरीक्षणही तेथें नमूद आहे. परंतु औषधानें धाप थांबणें आणि रोग आटोक्यांत येणें या दोन भिन्न गोष्टी होत, हें पुरतें उमजण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि त्या ज्ञानाची किंमत थोडीथोडकी पडली नाहीं.

पश्चिमेकडे या रोगावर जे उपाय रूढ झाले, त्यांतील एक हिंदुस्थानांतूनच गेला. मद्रासकडे दमेकरी धोतऱ्याचा धूर ओढीत. १८०२ सालीं जनरल जेंट यांनीं हा उपाय ब्रिटनमध्यें नेला, आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें धोतऱ्याच्या सिगारेटी तिकडे औषध म्हणून विकल्या जात होत्या. धोतऱ्यांतील द्रव्यानें श्वासनलिकांभोंवतींचे आवळलेले स्नायू सैल पडतात. मात्र ही वनस्पति विषारी असल्यानें तो उपाय आज त्याज्य ठरला आहे. १९०१ सालीं जोकिची ताकामिने यांनीं ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपांत मिळविल्याचें जाहीर केलें, व दोनच वर्षांनीं तें टोचून दम्यावर देण्यांत आलें. तेंही स्नायूच सैल करी, मात्र अधिक त्वरेनें.

वस्तुतः या रोगाचीं अंगें दोन आहेत. एक, स्नायूंचें आवळणें. दुसरें, नलिकांच्या आंतील अस्तरास येणारी सूज. विल्यम ऑस्लर यांनीं १८९२ च्या आपल्या ग्रंथांत या सुजेचा उल्लेख केला होता. तथापि उपचारांचा भर दीर्घकाळ स्नायूंवरच राहिला.

१९५५ सालीं अमेरिकेंतील रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेसन यांना त्यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीनें विचारलें कीं, केसांवर मारावयाच्या फवाऱ्याप्रमाणें माझें औषध डबींतून कां मिळूं नये? पुढच्याच वर्षीं खिशांत मावणारा, दर दाबीस ठराविक मात्रा सोडणारा फवारा बाजारांत आला. आज घरोघरीं ज्यास 'पंप' म्हणतात, त्याचा हा पूर्वज होय.

सोय मोठी झाली. परंतु तिच्यावर विसंबणेंही वाढलें. १९६० नंतर इंग्लंड व वेल्समध्यें दम्यानें होणारे मृत्यु एकाएकीं वाढूं लागले, आणि १० ते १४ वर्षांच्या मुलांत ही वाढ सर्वांत अधिक होती. १९६७ सालीं तेथील औषध-सुरक्षा समितीनें डॉक्टरांना सावधगिरीचा इशारा दिला. फवाऱ्यांचा खप घटला, तसे मृत्युही कमी झाले. फवाऱ्यांतील आयसोप्रेनलिनचा हृदयावर होणारा परिणाम, आणि तात्पुरत्या आरामामुळें डॉक्टरांकडे जाण्यास झालेला विलंब, अशीं दोन कारणें तज्ज्ञांनीं मांडलीं. आंत सूज वाढत असतांना रोगी मात्र पुन्हां पुन्हां डबी दाबीत राही.

१९६९ सालीं हृदयास कमी त्रास देणारें साल्ब्युटामॉल आलें. परंतु खरा पालट १९७२ सालीं झाला. सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या १९५० च्या सुमारास वापरांत आल्या होत्या. पण त्या दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होण्यासारखे अपाय होत. बेक्लोमेथासोन हें त्याच जातीचें औषध श्वासावाटे अल्प मात्रेंत थेट नलिकांत पोंचूं लागलें.

हें दुसरें औषध तत्काळ कांहींच जाणवूं देत नाहीं. त्यामुळें अनेक घरांत 'सवय लागेल' या भीतीनें तें बंद केलें जातें, व झटकन् आराम देणारा पंप तेवढा उशाशीं राहतो. २०१९ सालीं 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेनें प्रौढांस व किशोरवयीनांस केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवूं नये, सोबत श्वासावाटे स्टेरॉइडही द्यावें, असें स्पष्ट सांगितलें. धाप लागत नाहीं म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून हें औषध सोडणें म्हणजे १९६० नंतरचीच चूक आपल्या घरीं पुन्हां करणें होय.