एका ग्रॅमच्या दहा हजार गोळ्या

थायरॉइडच्या विकारावर रोज सकाळी घ्यायच्या गोळ्यांची बाटली आज अनेक घरांत दिसते. तिच्यावरचा आकडा आपण सहसा वाचून सोडून देतो. १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. लेव्होथायरॉक्सिनची दोन-तीन चिमटी पूड घेतली, तर तिच्यातून दहा हजार गोळ्या होतील, आणि एका माणसाला त्या सत्तावीस वर्षे पुरतील!

पण दहा हजारावा भाग बोटाच्या चिमटीत धरता येत नाही. गोळी हाताला लागते ती तिच्यात घातलेल्या इतर पदार्थांमुळे. गोळीचे वजन शंभर मिलिग्रॅम धरले, तर त्यात औषध असते हजारात एक भाग. उरलेले नऊशे नव्याण्णव भाग म्हणजे लॅक्टोज ही दुधातली साखर, मक्याचा स्टार्च, कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, साच्याला गोळी चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, आणि रंग. यांना पूरक द्रव्ये म्हणतात. औषध सगळ्या कंपन्यांचे एकच असते. कंपनीगणिक बदलतात ती ही पूरक द्रव्ये, आणि बदलते किंमत. मग नाममुद्रेची महाग गोळी आणि साधी जेनेरिक गोळी यांत खरेच फरक आहे का? हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. अमेरिकेत त्याच्या उत्तरावरून जे घडले, ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

सुरुवात मेंढीपासून करू. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका स्त्रीला टोचला. तिची ग्रंथी निकामी झाली होती. अंग सुजलेले, हालचाल आणि बोलणे मंदावलेले. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला आठशे सत्तरहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनीच नंतर मांडला. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांना या ग्रंथीतल्या संप्रेरकाचे स्फटिक मिळाले. पुढे सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्यांनी मिळवलेले थायरॉक्सिन भरले अवघे ३३ ग्रॅम. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ साली लंडनमध्ये त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. तरीही कित्येक वर्षे रुग्ण कत्तलखान्यातून आलेल्या वाळवलेल्या ग्रंथींची पूडच घेत राहिले, कारण ती स्वस्त होती. आतड्यात चांगले शोषले जाणारे थायरॉक्सिनचे सोडियम लवण हाती आल्यावर, १९५० च्या दशकात, कृत्रिम गोळीचा जम बसला. अमेरिकेत तिचे सर्वांत गाजलेले नाव होते सिंथ्रॉइड.

इथे कायद्यातली एक गंमत झाली. हे संप्रेरक शरीरात मुळातच असते, डॉक्टर ते साठ वर्षे वापरत आले आहेत; तेव्हा हे काही ‘नवे औषध’ नाही, अशी कंपन्यांची समजूत होती. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची रीतसर मंजुरी न घेताच ही गोळी बाजारात आली आणि तशीच विकली जात राहिली. गोळीतले औषध मोजायची जुनी पद्धतही ढोबळ होती. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. म्हणून गोळीतले आयोडिन मोजायचे आणि त्यावरून औषध किती ते ठरवायचे. पण जुन्या, बिघडलेल्या गोळीत रेणू मोडून पडला तरी आयोडिन गोळीतच राहते. मापात गोळी पूर्ण भरायची, रुग्णाच्या पोटात मात्र कमी औषध जायचे. थायरॉक्सिनचा शाबूत रेणू वेगळा ओळखणारी पद्धत अमेरिकेच्या औषधसंहितेत आली ती १९८० च्या दशकात.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. सिंथ्रॉइड बनवणाऱ्या कंपनीने १९८७ साली सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या औषधतज्ज्ञ बेटी डाँग यांच्याकडे एक अभ्यास सोपवला. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. सिंथ्रॉइड, दुसऱ्या एका कंपनीची नाममुद्रित गोळी आणि दोन जेनेरिक गोळ्या, अशा चौघींची तुलना करायची होती. आपली गोळी सरस ठरेल, अशी कंपनीची खात्री होती.

प्रयोगाची आखणी वर्गात शिकवावी इतकी नेटकी होती. थायरॉइड कमी पडणाऱ्या २२ स्त्रियांवर तो पूर्ण झाला. इतक्या थोड्या माणसांवर कसे भागले? कारण प्रत्येकीने चारही गोळ्या घेतल्या, प्रत्येक गोळी सहा आठवडे, आणि क्रम प्रत्येकीचा वेगळा. म्हणजे तुलना एका बाईची दुसऱ्या बाईशी नव्हती. तिची तिच्याशीच होती. आणि सहाच आठवडे का? थायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. आधीच्या गोळीचा अंश एका आठवड्यात निम्मा, दोन आठवड्यांत पाव, सहा आठवड्यांत चौसष्टावा भाग उरतो. तेव्हा शेवटी रक्त तपासले, की जे मिळते ते जवळजवळ सगळे नव्या गोळीचेच असते.

१९९० च्या अखेरीस अभ्यास संपला. चारही गोळ्या समतुल्य निघाल्या. रक्तात किती औषध पोहोचले याचे गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या आत राहिले, तर दोन औषधे समतुल्य मानायची, हा तिथला निकष. कोणतीही जोडी घ्या, ती त्यात बसत होती.

पुढची चार वर्षे कंपनी अभ्यासातले दोष दाखवत राहिली. विद्यापीठाच्या वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. विद्यापीठाने चौकशी केली, आणि किरकोळ, सहज दुरुस्त होतील अशा बाबींखेरीज तीत काही सापडले नाही. डाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९९४ मध्ये लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी तो तपासला, स्वीकारला, २५ जानेवारी १९९५ च्या अंकात छापायचेही ठरले. आणि अंक निघायला काही दिवस उरले असताना डाँग यांनी तो मागे घेतला.

कारण त्यांनी सही केलेल्या करारात एक ओळ होती. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत, अशी. असे कलम मान्य करणे विद्यापीठाच्याच नियमांत बसत नव्हते. पण सही तर झाली होती. खटला झाला, तर विद्यापीठ त्यांचा बचाव करणार नाही, असे विद्यापीठाच्या वकिलांनी सांगितले. कोट्यवधी डॉलरच्या कंपनीसमोर एकटीने उभे राहायचे, असा तो प्रश्न होता. डाँग यांना दोष देणे मला तरी जमत नाही. त्याच वर्षी कंपनीशी संबंधित संशोधकांनी डाँग यांचीच आकडेवारी वापरून एका दुसऱ्या नियतकालिकात लेख छापला आणि त्या अभ्यासावर ताशेरे ओढले. त्या लेखाचे एक लेखक त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळातलेच होते. मूळ लेख मात्र कोणालाच वाचायला मिळत नव्हता. दरम्यान, १९९५ मध्येच हा सगळा औषधव्यवसाय दुसऱ्या कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरला विकला गेला.

एप्रिल १९९६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ही हकिगत छापली, औषध प्रशासनानेही कंपनीला फटकारले, आणि अखेर १६ एप्रिल १९९७ ला लेख प्रसिद्ध झाला. सुमारे ८० लाख अमेरिकन लोक हे औषध घेत होते. ते स्वस्त पर्यायांकडे वळले, तर वर्षाला ३५ कोटी ६० लाख डॉलर वाचतील, असा अंदाज लेखात होता. न छापलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत वाचकाने स्वतःच मांडावी. १९९९ साली कंपनीने ३७ राज्यांशी ४ कोटी १८ लाख डॉलरची तडजोड केली.

म्हणजे जेनेरिकची बाजू जिंकली आणि गोष्ट संपली? नाही. त्याच १९९७ च्या ऑगस्टमध्ये औषध प्रशासनाने जाहीर केले, की लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या हे ‘नवे औषध’च आहे आणि प्रत्येक कंपनीने मंजुरी घेतली पाहिजे. १९९१ ते १९९७ या काळात निदान दहा वेळा मिळून दहा कोटींहून जास्त गोळ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. बहुतेक वेळा कारण एकच: लिहिले तेवढे औषध गोळीत नाही, किंवा मुदत संपेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. सिंथ्रॉइडलाही सूट मिळाली नाही. तिला मंजुरी मिळाली २००२ साली. जुनी आणि नामांकित गोळी म्हणून तिच्यावर जो विश्वास होता, त्याला तोवर सरकारी तपासणीचा आधारच नव्हता!

२००४ मध्ये प्रशासनाने काही गोळ्या एकमेकींच्या जागी चालतील असे ठरवले, तेव्हा थायरॉइडतज्ज्ञांच्या संघटनांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. या संप्रेरकाच्या मात्रेत १२ मायक्रोग्रॅमचा फरकही डॉक्टर मोजूनमापून करतात. मग ८० ते १२५ हे कुंपण फार रुंद नाही का? पुढे २००७ साली गोळीतल्या औषधाची मर्यादा ९० ते ११० टक्क्यांवरून ९५ ते १०५ टक्क्यांवर आणली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. एका कंपनीची जेनेरिक गोळी सोडून दुसरीची घेतल्याने रक्तातल्या टी.एस.एच. च्या पातळीत लक्षणीय बिघाड झाल्याचे तीत दिसले नाही. (गोळी उपाशीपोटी न घेता चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांबरोबर घेतली, तर मात्र शोषण नक्की बिघडते. हे कोणत्याही कंपनीच्या गोळीला लागू आहे.)

आता त्या नऊशे नव्याण्णव भागांकडे वळू. न्यूझीलंडमध्ये २००७ साली एल्ट्रॉक्सिन या गोळीचा कारखाना कॅनडातून जर्मनीत गेला आणि पूरक द्रव्ये बदलली. औषध तेच राहिले, रंगरूप बदलले. आधीच्या तीस वर्षांत दुष्परिणामांच्या अवघ्या १४ तक्रारी आलेल्या. पुढच्या अठरा महिन्यांत त्या चौदाशेंवर गेल्या. तपासणीत औषधाचे प्रमाण ठीक निघाले. ज्या भागांत वृत्तपत्रांनी आणि दूरदर्शनने बातम्या जास्त दिल्या, तिथे तक्रारीही जास्त होत्या, असे संशोधकांना आढळले. म्हणून सगळे मनाचे खेळ, असे म्हणून मोकळे व्हावे का?

फ्रान्सचे उदाहरण पाहा. तिथे सुमारे तीस लाख लोक लेव्होथायरॉक्स घेत. गोळी मुदतभर टिकाऊ राहावी म्हणून सरकारी यंत्रणेनेच कंपनीला सूत्र सुधारायला सांगितले. लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घालण्यात आले. त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. बासुंदी आटवताना दुधाला गुलाबट-तपकिरी रंग येतो, तो लॅक्टोज आणि प्रथिनांतले अमिनो गट यांच्या क्रियेमुळे. थायरॉक्सिनही अमिनो आम्लच आहे. लॅक्टोजच्या सहवासात त्याचीही अशी क्रिया होऊ शकते. मॅनिटॉलमध्ये त्या क्रियेला लागणारा अल्डिहाइड गट नसतो. तेव्हा बदल विचार करूनच केलेला होता. मार्च २०१७ च्या अखेरीस नव्या गोळ्या दुकानांत आल्या आणि थकवा, केस गळणे, चक्कर अशा हजारो तक्रारी सुरू झाल्या. त्याच वर्षी जुने सूत्र पुन्हा आयात करावे लागले.

नव्या-जुन्या सूत्रांची तुलना २०४ निरोगी स्वयंसेवकांवर झाली होती, आणि सरासरी चोख जुळत होती. २०१९ मध्ये काही फ्रेंच संशोधकांनी त्याच आकड्यांत एकेक माणूस वेगळा पाहिला. निम्म्याहून अधिक जणांचे गुणोत्तर ८० ते १२५ च्या बाहेर होते! त्यावर उलट आक्षेप असा, की तीच गोळी त्याच माणसाला दोनदा दिली तरी रक्तातली पातळी अशी हलू शकते. हा फरक सूत्राचाच कशावरून? तो वाद रास्त आहे. वर्गाची सरासरी गेल्या वर्षीएवढीच आली, म्हणून प्रत्येक मुलाचे गुण तेवढेच आले असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. पण एका मुलाचे गुण दोन चाचण्यांत वेगळे आले, म्हणजे शिकवणे बदलले असेही म्हणणार नाही.

न्यायालयात मात्र निकाल लागला तो वेगळ्याच मुद्द्यावर. लियॉनच्या अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांना प्रत्येकी १००० युरो द्यायला सांगितले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नवी गोळी वाईट होती, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. खोक्यातल्या माहितीपत्रकात मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल यांची नावे होती. सूत्र बदलले आहे, हे रुग्णाला ठळकपणे कुठेच सांगितलेले नव्हते.